रिंग वाजली, पुढे काय?

आमच्या साताऱ्याच्या घरात तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर फोन लावला, की तो आधी युरोपात जायचा. हसू नका. मधे एकूण अठरा पायऱ्या. आणि हा प्रताप दुसऱ्या कुणाचा नाही, अस्मादिकांचाच. इंजिनिअरिंगची पदवी, वर सहा वर्षं आयटीतली नोकरी, त्यातली तीन नेटवर्कच्या कामात... एवढं पाठीशी असलेला माणूस अठरा पायऱ्यांसाठी युरोप गाठतो हे आता सांगतानाही कसंतरी होतं.

तर झालं असं. २०२३ मध्ये घरी फायबर आलं आणि जुनी लँडलाइन सरेंडर केली. आई-बाबा वर राहतात, आजी खाली. आजी ८४ वर्षांची, गुडघ्यांमुळे जिना बंद. रात्री काही लागलं तर ती स्टीलचा तांब्या खिडकीच्या गजावर वाजवायची. पद्धत अगदी चोख होती, पण पंखा आणि बंद दारं यांच्यापुढे तांब्याचं काही चालायचं नाही. मोबाईल घेऊन दिला होता, पण वयानं कोरड्या पडलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. बटणांचा आणला तर तो चार्जिंगला लावायचा राहून जायचा. तिला हवा होता तो जुना फोन. हातात जड लागणारा रिसिव्हर, मोठी बटणं, उचलला की 'ऊंऽऽ' असा टोन.

मी म्हटलं, एवढंच ना? करतो.

दोन अ‍ॅडॅप्टर आणले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, हे तळहाताएवढं खोकं असतं. एका बाजूला साध्या फोनची वायर लावायची, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची. आपण बोललो की ते खोकं आवाजाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालतं आणि सेकंदाला अशी ५० पाकिटं समोरच्या खोक्याकडे रवाना करतं. समोरचं खोकं ती उघडून पुन्हा आवाज करतं. एक खोकं खाली, एक वर. माळ्यावरचे दोन जुने फोन पुसून लावले. एका परदेशी सेवेची दोन फुकट खाती काढली, एकेक खोक्यात भरली. खालून २ दाबलं की वर रिंग, वरून १ दाबलं की खाली रिंग. शिवाय मी पुण्याहून माझ्या लॅपटॉपवरून आजीच्या त्याच फोनवर थेट बोलू शकणार, तेही फुकट. ही शेवटची सोय मला फार आवडली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग चाचणी. मी खाली आजीजवळ, आई वर. २ दाबलं, वर रिंग वाजली, आईनं उचलला आणि तिचा 'हॅलोऽऽ' मला ऐकू आला. आवाज जरा घुमल्यासारखा वाटला, पण म्हटलं असेल थोडा एको, सेटिंगमध्ये बघू नंतर. रिसिव्हर आजीच्या हातात दिला. "ऐकू येतंय का गं?" ती म्हणाली, "येतंय की. छान येतंय." झालं. मी चहा प्यायलो आणि पुण्याला आलो. निघताना आजीला म्हणालो, "आता तो तांब्या स्वयंपाकघरात ठेवलास तरी चालेल."

आता खरं काय होतं ते ऐका. तो 'हॅलो' मला रिसिव्हरमधून आलाच नव्हता. जिन्यातून आला होता. वरचं दार उघडं होतं आणि फोनवर बोलताना आईचा आवाज मुळातच खणखणीत असतो. आणि आजी? नातू एवढी धडपड करतोय म्हटल्यावर ती 'येतंय' म्हणणारच होती. तिनं मला आजवर कशालाच 'जमलं नाही' म्हटलेलं नाही. माझा चित्रकलेचा पेपरसुद्धा तिला छान वाटला होता.

चाचणी घेताना घेणाऱ्याला निकाल आधीच हवा असला की असं होतं. ऑफिसात टेस्टिंगवाल्यांशी आपण किती हुज्जत घालतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणून! घरी तर टेस्टिंगवालाही नव्हता.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. पुण्याहून कॉल नीट लागत नव्हता म्हणून नेटवर कुठेतरी वाचून मी राउटरवर ५०६० हे पोर्ट वरच्या अ‍ॅडॅप्टरकडे उघडून दिलं. त्यानंतर वरचा फोन रात्री-अपरात्री वाजायला लागला. उचलावा तर पलीकडे शांतता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. इंटरनेटवर दिवसरात्र असे प्रोग्रॅम फिरत असतात, जे प्रत्येक पत्त्याचं ५०६० चाचपून बघतात. कुणाचं फोन-एक्स्चेंज उघडं सापडलं तर त्याच्या खर्चानं बाहेरदेशी महागडे कॉल लावायचे, हा त्यामागचा धंदा. आमच्या घरी त्यांना एक्स्चेंज मिळालं नाही, पण दार ठोठावल्याची घंटा मात्र बाबांच्या उशाशी वाजायची. बाबांनी विचारलं तेव्हा मी फोनवरूनच त्यांना म्हणालो, "ते होतं असं. कुणी बोललं नाही तर ठेवून द्या, दुर्लक्ष करा. सवडीनं बघतो मी."

सवड काही झाली नाही. रिलीज होती. (आपली रिलीज कधी नसते?)

जानेवारी २०२४. रात्री अडीचच्या सुमारास आजी उठायला गेली, चक्कर आली आणि कॉटच्या कडेनं घसरत खाली फरशीवर बसली. उठता येईना. टीपॉयवरच्या फोनची वायर ओढून तिनं फोन जवळ घेतला आणि २ दाबलं. वर रिंग वाजली. बाबांनी उचलला. 'हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?' पलीकडे ठार शांतता. ठेवला. पुन्हा रिंग. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी वैतागून फोनची पिनच काढली आणि झोपले.

सकाळी सव्वासहाला आई चहा घेऊन खाली गेली, तेव्हा आजी कॉटला टेकून फरशीवर बसलेली. साताऱ्यातली जानेवारीची फरशी. पावणेचार तास. हाड मोडलं नव्हतं, दोन दिवस ताप आला आणि गेला. नशीब. पण ती आईला म्हणाली ते वाक्य मला आजही सोडत नाही. "अगं, फोन लागत होता, उचलतही होता तुम्ही. पण कुणी बोललाच नाहीत. म्हटलं झोपमोड झाली म्हणून चिडले असतील."

बाबा मला काही बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना, दुर्लक्ष करा म्हणून."

त्याच शनिवारी लॅपटॉप घेऊन साताऱ्याला गेलो. खरं तर शुक्रवारी रात्री पुण्यातूनच तपासून झालं होतं. खालच्या फोनवर लावला, आजीशी दहा मिनिटं बोललो, आवाज स्वच्छ. वरच्यावर लावला, आईशी बोललो, तोही स्वच्छ. दोन्ही खोकी ठणठणीत, खाती ठणठणीत. अ‍ॅडॅप्टरच्या पानावर दोन्हीकडे 'रजिस्टर्ड' असा हिरवा दिवा. या हिरव्या दिव्यानं माझा एक अख्खा दिवस खाल्ला.

साताऱ्यात पहिलं काम केलं ते म्हणजे वरचं दार लावून घेतलं आणि बाबांना हळू आवाजात बोलायला सांगितलं. खालून २ दाबलं. रिंग. उचलल्याचा 'खट्' आवाज. पुढे काहीच नाही. साधी खरखरसुद्धा नाही. बाबांनाही तसंच. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की हे दोन फोन बसवल्यापासून एकमेकांशी एकदाही बोललेले नाहीत.

आता जरा तांत्रिक भाग. कंटाळा आला तर पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडा, पण घरी असली खोकी असतील तर सोडू नका.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये वाजणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं असतात आणि ती वेगवेगळ्या रस्त्यांनी होतात. 'फोन आलाय, उचल', 'उचलला', 'ठेवला' हे निरोप सिप नावाची भाषा पोहोचवते. ती आज ज्या रूपात वापरली जाते ते रूप जून २००२ मध्ये ठरलं. प्रत्यक्ष आवाज नेतं ते आरटीपी. निरोप जातात सर्व्हरमार्फत, म्हणजे आमच्या बाबतीत युरोपातून. आवाज मात्र शक्य तर दोन फोनच्या मधे थेट जावा, अशी योजना. त्यासाठी प्रत्येक फोन निरोपातच सांगतो की 'माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर, तमुक पोर्टवर पाठवा'. म्हणजे प्रत्येकानं स्वतःचा पत्ता स्वतः सांगायचा. सगळं रामायण इथे सुरू होतं, कारण घरातल्या यंत्राला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीतच नसतो.

आपल्या घरातली यंत्रं १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्यांवर असतात आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो, राउटरचा. हे नॅट. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता ठाऊक, आतला फ्लॅट नंबर वॉचमनच्या वहीत. मग अ‍ॅडॅप्टरला बाहेरचा पत्ता कळणार कसा? तर तो बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, 'मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो रे?' या विचारण्याला स्टन म्हणतात. मी दोन्ही खोक्यांवर स्टन चालू केलं होतं. का? तर मला पुण्याहून थेट बोलायचं होतं. बाहेरून येणाऱ्या आवाजाला बाहेरचा पत्ता लागतो.

लॅपटॉपवर दोन्ही खोक्यांचे लॉग एकाशेजारी एक उघडले आणि निरोप वाचायला लागलो. आजीचा फोन सांगत होता, 'माझा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा.' बाबांचा फोन उत्तरात सांगत होता, 'माझाही तमुक पत्त्यावर.' आणि ते दोन्ही पत्ते एकच. आमच्याच राउटरचा बाहेरचा पत्ता, फक्त पोर्ट वेगळे. म्हणजे बी विंगमधल्या माणसानं डी विंगमधल्या माणसासाठी पाकीट पाठवलं, पण त्यावर सोसायटीचा रस्त्यावरचा पत्ता घातला. पाकीट गेटपर्यंत आलं. वॉचमनला फक्त रस्त्यावरून येणारी पाकिटं आत द्यायची शिकवण. आतून आलेलं आणि पुन्हा आतच जाणारं पाकीट बघून तो गोंधळला आणि त्यानं ते कचऱ्यात टाकलं. सेकंदाला पन्नास, दोन्ही बाजूंनी. आजी 'अरे ऐक, मी पडलेय' म्हणत होती ती पाकिटं सुद्धा त्यातच. बाबांपासून अठरा पायऱ्यांवर.

असं आतल्या आत वळवून देण्याला हेअरपिन म्हणतात. घाटातलं हेअरपिन वळण असतं ना, तसंच. नॅट करणाऱ्या यंत्राला हे यायलाच हवं, असं आरएफसी ४७८७ या दस्तऐवजात जानेवारी २००७ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय. आमचा राउटर त्यानंतर पंधरा वर्षांनी बनलेला. तो कुणी बनवला हे सांगण्यात अर्थ नाही, कारण असे अनेक निघतील. त्याच दस्तऐवजाचं पुढचंच कलम म्हणतं, की राउटरनं अशा निरोपांत स्वतःहून ढवळाढवळ करायची सोय बंद ठेवावी. राउटरच्या मेनूत 'सिप एएलजी' नावाचा एक टिकमार्क असतो तो हाच. हा मदतनीस निरोपातले पत्ते आपल्या मतानं खोडून नवे लिहितो, आणि बऱ्याचदा चुकीचे लिहितो. तुमच्याकडे आवाजाची भानगड असेल तर आधी तो बंद करून बघा. आमच्याकडे बंद केल्यानं फरक पडला नाही, दुखणं वेगळं होतं.

दुखण्यावरून आठवलं. या प्रकरणात लक्षणं फार बोलकी असतात, डॉक्टरनं नाडी बघावी तशी. एका बाजूलाच आवाज येत असेल, तर आवाज न येणाऱ्या बाजूच्या फोननं बहुधा खाजगी पत्ता बाहेर सांगितलाय. कॉल नीट चालतो पण बरोबर ३२व्या सेकंदाला तुटतो, तर उचलल्याची पोचपावती पोहोचत नाहीये. सिपमधला पावतीसाठीचा थांबण्याचा वेळच तेवढा आहे, अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट. आपण लावलेले कॉल लागतात पण येणारे थोड्या वेळानं बंद पडतात, तर वॉचमननं वहीतली नोंद खोडलीय. ती निदान दोन मिनिटं ठेवावी असं तेच २००७ चं कागद सांगतं, पण अर्ध्या मिनिटात विसरणारे वॉचमनही असतात. मग अ‍ॅडॅप्टरला दर वीसेक सेकंदांनी 'मी आहे हो' असं सांगत राहावं लागतं. आणि बाहेरून सगळं उत्तम, आतल्या आत दोन्हीकडून मुकं... तर हेअरपिन. हे मला पाठ होतं. कामावर कुणी विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं.

आता माझं म्हणणं. राउटरवाल्यांना शिव्या घालून मला मोकळं व्हायचं नाही. कारण हेअरपिन असतं आणि आवाज आला असता, तरी मूळ चूक तशीच राहिली असती. ती म्हणजे घरातला कॉल घराबाहेर नेला ही. वाजण्यासाठी युरोपातला सर्व्हर चालू हवा, फायबर चालू हवं, रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडलेली नको, राउटर चालू हवा, स्टनचा सर्व्हर चालू हवा, फुकट खातं बंद झालेलं नको. एवढ्या सगळ्यांनी 'हो' म्हटलं तर चक्कर आलेल्या बाईचा निरोप वरच्या मजल्यावर जाणार. हे डिझाइन कुणी ज्युनिअरनं रिव्ह्यूला आणलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

आणि हे आपण सगळीकडे करतोय. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एक दिवा आहे, तो मोबाईलवरून लागतो. मोबाईल माझ्या हातात, दिवा डोक्यावर, आणि मधे परदेशातला कुठलातरी सर्व्हर. इंटरनेट गेलं की मी अंधारात. दिव्याचं ठीक आहे, अंधारात बसीन. पण हीच सवय आपण वयस्कर माणसांच्या घरात घेऊन जातो. कॅमेरे, बेल, पडल्यावर वाजणारी यंत्रं. आणि आपण लांब राहतो याची जी बोच असते, ती या खोक्यांनी जरा बोथट होते. अगदी खरं सांगायचं तर स्टन मी आजीसाठी चालू केलंच नव्हतं. माझ्यासाठी केलं होतं, पुण्यातून फोन करता यावा म्हणून. माझ्या सोयीनं तिची सोय मोडली.

ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पैसे भरून नीट सेवा घेतली असतीस तर त्यांनी आवाज स्वतःच्या सर्व्हरमधून वळवून दिला असता." बरोबर आहे. आवाज आला असता. फायबर तुटेपर्यंत. तो असंही म्हणाला, की आता यावर चांगला उपाय निघालेला आहे आणि हेही खरंच आहे. २००३ मध्ये स्टन आलं तेव्हा त्याच्याकडे नॅटमधून आरपार जाण्याचा सोपा उपाय म्हणून बघितलं गेलं. २००८ च्या सुधारित मसुद्यात त्याचं नाव बदलून त्याला नुसत्या एका अवजाराच्या जागी बसवलं. पुढे २०१० मध्ये आइस नावाची पद्धत आली. त्यात फोन आपला बाहेरचा आणि आतला, दोन्ही पत्ते सांगतो आणि समोरच्यापर्यंत खरोखर पोहोचता येतंय का हे पाकीट पाठवून बघतो. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल याच रीतीनं होतात. मला ती पद्धत आवडते, कारण ती कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, रस्ता चालून बघते. माझ्या खोक्यांत ती नव्हती. माझ्यातही नव्हती.

जुनी लँडलाइन आठवून मी उसासे टाकणार नाही, तिच्यासाठी लाइनमनच्या मागे किती फिरलोय ते आठवतंय. पण एक गोष्ट तिच्यात होती. फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्ट, तिथल्या बॅटऱ्यांवरून. गावात लाइट नसली तरी फोन चालायचा. रिसिव्हर उचलल्यावर येणारा 'ऊंऽऽ' लांबच्या एक्स्चेंजमधून यायचा, म्हणजे तिथपर्यंतची तार शाबूत आहे याचा तो पुरावा होता. अ‍ॅडॅप्टरमधला 'ऊंऽऽ' ते खोकं स्वतःच काढतं, जुन्या टोनची नक्कल म्हणून. पलीकडे जग आहे की नाही याच्याशी त्याचा फार संबंध नसतो. आजी रोज सकाळी रिसिव्हर उचलून तो टोन ऐकायची आणि निश्चिंत व्हायची, हे मला नंतर कळलं.

तर काय केलं ते सांगतो. राउटरवरचं ५०६० बंद केलं. भुतांचे फोन त्या रात्रीपासून थांबले. दोन्ही खोक्यांवरचं स्टन काढलं, परदेशी खाती काढली. दोघांना कायमचे घरातले पत्ते दिले आणि डायल प्लॅनमध्ये लिहिलं, की २ दाबलं तर थेट वरच्या खोक्याचा पत्ता, १ दाबलं तर थेट खालच्याचा. मधे कुठलाही सर्व्हर नाही. (यात एक खोच आहे. 'फक्त सर्व्हरकडूनच कॉल घे' अशी एक सेटिंग असते, भुतांसाठी मी ती आदल्याच दिवशी चालू केली होती. ती चालू असली की हा थेट कॉलही नाकारला जातो. त्यात एक तास गेला.) दोन्ही वायरी राउटरमधून काढून एका साध्या स्विचमध्ये लावल्या. स्विच आणि दोन्ही खोकी इन्व्हर्टरवर घेतली. मग फायबरची वायर काढून फोन लावला, लागला. राउटर बंद करून लावला, लागला. मेन स्विच पाडून लावला, तरी लागला. आजीच्या फोनवर आणखी एक केलंय. रिसिव्हर उचलून पाच सेकंद काहीच दाबलं नाही, तर तो आपोआप वर लागतो.

एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं की घरातच छोट्या रास्पबेरी पायवर अ‍ॅस्टेरिस्क बसव, म्हणजे आतलंही चालेल आणि तुला पुण्याहूनही बोलता येईल. करून बघितलं. दोन वीकेंड खेळलो, चाललंही झकास. मग काढून टाकलं. लाइट जाऊन कार्ड खराब झालं तर ते दुरुस्त करायला साताऱ्यात कोण आहे? थेट बोलायची माझी हौस मी सोडली. मी आपला आईच्या मोबाईलवर फोन करतो, आई तो खाली नेऊन देते.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं असतं तर त्यानं दोन तारांचा साधा इंटरकॉम तासाभरात बसवून दिला असता, हे मला ठाऊक आहे. बाबांनी ते एकदाच, चहा पिताना, सहज म्हणून दाखवलं. :)

नियम दोन केलेत. पहिला बाबांचा आहे. फोन वाजला आणि कुणी बोललं नाही, तर खाली जाऊन बघायचं, वाजले कितीही असोत. दुसरा माझा. दर रविवारी सकाळी चाचणी. वरचं दार बंद, बाबा हळू आवाजात आजीला एक शब्द सांगतात. मी आईच्या मोबाईलवर असतो, आजीनं तो शब्द मला सांगायचा. 'येतंय की' हे उत्तर चालत नाही.

गेल्या रविवारी बाबांनी 'कारलं' सांगितलं. आजी म्हणाली, "कारलं म्हणाला तो. ऐकू आलंय मला, पण मी खाणार नाही, सांग त्याला." तांब्या पुन्हा तिच्या उशाशी आलाय. तो तिनं स्वतःच आणवून घेतला, मला न विचारता.